ताण दिला, पण पोहोचला का?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका थराच्या पदार्थांबद्दल लिहिताना मी एक वाक्य ओझरतं लिहून गेले होते : मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच पापुद्रा ताणला, की त्यातून निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. सर्वांत जास्त पत्रं त्याच वाक्यावर आली. माझी पीएचडीची वर्षं त्या एका वाक्यामागे गेली आहेत, त्यामुळे पत्रं वाचताना फार बरं वाटलं. त्यांतल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : फुगा फुगवला की त्याचा रंग फिका होतो. पापुद्रा ताणल्यावर रंग बदलतो, तो तसाच का?
— बीएस्सी तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, लातूर

नाही. पण फुग्याचं उदाहरण तू दिलंस ते चांगलं केलंस, कारण फरक तिथेच कळतो. लाल फुगा फुगवला की रबर पातळ होतं, तेवढ्याच जागेत रंगद्रव्य कमी उरतं, म्हणून तो फिका दिसतो. फिका झाला तरी तो लालच राहतो. आपल्या पापुद्र्यात मात्र जो प्रकाश निघतो, त्याची ऊर्जाच बदलते.

बँड गॅप तू अभ्यासक्रमात शिकली असशील. खालचा पट्टा इलेक्ट्रॉनांनी भरलेला, वरचा रिकामा आणि दोहोंच्या मध्ये ऊर्जेची फट. पापुद्र्यावर हिरवा लेझर सोडला की इलेक्ट्रॉन खालून वर जातो, मागे होल, म्हणजे रिकामी जागा, ठेवतो. तो परत खाली येताना साधारण त्या फटीएवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरासाठी ही ऊर्जा १.८५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे सुमारे ६७० नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश. (काटेकोर सांगायचं तर इलेक्ट्रॉन आणि होल इथे एकमेकांना घट्ट धरून असतात. त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात, आणि दिसतो तो प्रकाश त्या जोडीचा. एमएस्सीला जाशील तेव्हा हा फरक लक्षात ठेव.)

आता ही फट कशावर ठरते? शेजारशेजारच्या अणूंची इलेक्ट्रॉन-कक्षकं एकमेकांवर किती पसरली आहेत यावर. अणू जवळ असले की ती जास्त मिसळतात, दूर सरकले की कमी. पापुद्रा ताणला म्हणजे अणू एकमेकांपासून दूर नेले. मिसळण्याचा हिशेब बदलला, पट्टे आपापल्या जागेवरून हलले, फट अरुंद झाली. पुस्तकात या ताणण्याच्या मापाला ‘विकृती’ म्हणतात. तो शब्द मला कधी पटला नाही. ताणलेल्या पापुद्र्यात काही बिघडलेलं नसतं. मी इथे सरळ ‘ताण’ म्हणणार आहे : १ टक्का ताण म्हणजे १०० ची लांबी १०१ झाली.

२०१३ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटाने हे पापुद्रे वाकत्या पट्टीवर ठेवून एकाच दिशेने ताणले. दर टक्क्याला फट सुमारे ४५ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टने कमी झाली. हिशेब तूच करून बघ : १२४० ला इलेक्ट्रॉन-व्होल्टमधल्या ऊर्जेने भाग दिला की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. ६७० वरची रेषा १ टक्का ताणात ६८७ च्या आसपास जाते. हा १७ नॅनोमीटरचा फरक डोळ्यांना कळणार नाही, मुळात ती चमकच फार मंद असते. पण प्रकाशातल्या तरंगलांबी वेगवेगळ्या करून मोजणाऱ्या वर्णपटमापकाला तो मैलभर आहे. सगळीकडून सारखा ताण दिला तर परिणाम जवळपास दुप्पट होतो. बोस्टन विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये खळग्यांवर पसरलेला पापुद्रा हवेच्या दाबाने फुगवला, अगदी तुझ्या फुग्यासारखा, आणि ताण ५ टक्क्यांच्या पुढे नेला. फट अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टने घटली. लाल प्रकाश थेट अवरक्तात गेला.

एवढा ताण सोसणं हीच या पदार्थांची खरी श्रीमंती आहे. सिलिकॉनची नेहमीची चकती एक टक्का ताणायच्या आतच तडकते, कारण जाड स्फटिकात कुठे ना कुठे बारीक चीर, ओरखडा असतोच. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा निर्दोष पापुद्रा ६ ते ११ टक्क्यांपर्यंत तग धरतो, आणि ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकच थर, तर सुमारे २५ टक्क्यांपर्यंत.

प्रश्न : तंबोऱ्याची तार आवळली की स्वर चढतो. तुम्ही लिहिता, पापुद्रा ताणला की प्रकाशाची ऊर्जा उतरते. हे उलटं कसं?
— तंतुवाद्य कारागीर, मिरज

मिरजेहून हा प्रश्न यावा यासारखा आनंद नाही. खुंटी पिळताना तुमच्या बोटांना जे कळतं, ते बरोबरच आहे. तार छेडली की ती मधोमध बाजूला सरते, आणि तिला जागेवर ओढून आणण्याचं काम तारेतला ताणच करतो. ताण जास्त, तर ओढ जास्त, तर स्वर वर.

पापुद्र्याच्या आत मात्र दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा असतो, आणि ही स्प्रिंग लांब केली की कडक होण्याऐवजी मऊ होते. म्हणून अणूंच्या कंपनांचा स्वर उतरतो. प्रकाशाच्या ऊर्जेचं कारण वेगळं आहे, ते वरच्या उत्तरात आलं : तिथे कंपनाचा प्रश्न नसून पट्ट्यांमधल्या फटीचा आहे. पण मुळाशी दोन्हीकडे घडतं एकच, अणू एकमेकांपासून दुरावतात.

आता तुम्हाला खास आवडेल अशी गोष्ट. तोच पापुद्रा खळग्यावर ताणून बसवला आणि सबंधच्या सबंध थरथरवला, तर तो तबल्याच्या पुडीसारखा वागतो. वादी ओढली की पुडी चढते, तसा त्याचा स्वर ताणाबरोबर चढतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ग्राफीनच्या अशा तरंगत्या पापुद्र्यांच्या कंपनांवर सुंदर काम झालं आहे. म्हणजे एकाच पापुद्र्याला एकच ताण दिला असताना सबंध पुडीचा स्वर चढतो आणि तिच्यातल्या अणूंचा उतरतो.

आणखी एक सांगायलाच हवं. ताणल्यावर ऊर्जा उतरते हा सर्व पदार्थांचा नियम नाही. काळ्या फॉस्फरसमधली अणूंची जाळी सपाट नसते, पन्हळी पत्र्यासारखी वर-खाली दुमडलेली असते. तो ताणला की फट रुंदावते. २०२१ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी त्याचा पातळ थर वाकत्या पट्टीवर बसवून त्याची फट ०.२२ पासून ०.५३ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत मागेपुढे फिरवली. एकाच तारेवर सव्वा सप्तक काढावं तसं आहे हे. अणू दुरावल्यावर कोणता पट्टा किती हलेल, हे त्या त्या जाळीच्या घडणीवर असतं. भोपळा बदलला की तंबोऱ्याची आस बदलते, हे तुम्हाला मी काय सांगावं!

प्रश्न : आम्ही गाड्यांच्या सीव्ही जॉइंटमध्ये काळं मॉली ग्रीस भरतो. तुमचा पदार्थ तोच का? मग ते ग्रीस कधी चमकताना दिसत नाही ते का?
— गॅरेजमालक, इचलकरंजी

तोच. तुमच्या हाताला लागतो तो काळेपणा मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या बारीक चुऱ्याचा. याच्या एका थरात तीन मजले असतात : वर गंधक, मध्ये मॉलिब्डेनम, खाली गंधक. थराच्या आतले बंध पक्के, पण एका थराची दुसऱ्याशी जवळीक अगदी कच्ची. म्हणून थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सरकतात आणि तुमचा जॉइंट झिजत नाही.

न चमकण्याचं कारण असं. चुऱ्याच्या एकेका कणात थरांवर थर असतात. दोन किंवा जास्त थर एकत्र आले की वरच्या पट्ट्याचा तळ आणि खालच्या पट्ट्याचा माथा समोरासमोर राहत नाहीत. इलेक्ट्रॉनला सरळ खाली उतरता येत नाही, आणि ऊर्जा बहुतेक उष्णता होऊन जाते. एकच थर सुटा केला की ते समोरासमोर येतात आणि पदार्थ प्रकाश देऊ लागतो. हे २०१० साली दोन गटांनी दाखवून दिलं. फार ताणलं तर एका थरातही ते पुन्हा समोरासमोरून ढळतात आणि चमक मंदावते.

तुमच्या ग्रीसचा हा निसरडेपणा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याने माझे चार महिने खाल्ले.

आमची रीत साधी होती. अर्धा मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची पट्टी घ्यायची. खनिजाच्या स्फटिकावर चिकटपट्टी दाबून पापुद्रे सोलायचे आणि या पट्टीवर उतरवायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली एका थराचा तुकडा शोधायचा. सिलिकॉनच्या जांभळट चकतीवर तो निळसर तरी दिसतो. पारदर्शक प्लॅस्टिकवर तो पाण्याच्या सुकलेल्या डागाइतकाही दिसत नाही, आणि कित्येक संध्याकाळी तुकडा न सापडताच संपायच्या. सापडला की पट्टी दोन खुंट्यांमध्ये धरून मायक्रोमीटरचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. पट्टी वाकते, तिची बाहेरची बाजू ताणली जाते. पट्टीची जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट, एवढा ताण. अर्धा मिलिमीटर जाडी आणि २५ मिलिमीटर त्रिज्या असेल तर बरोबर १ टक्का.

मी वहीत आडव्या अक्षावर हा हिशेबाने काढलेला ताण मांडत होते. दर टक्क्याला ४५ यायला हवे होते तिथे माझे २० च्या आसपास येत. नवा तुकडा, नवा आकडा. लेझरची शक्ती कमी केली, कारण तो जास्त झाला की तुकडा तापतो आणि तापल्यानेही रेषा लालकडे सरकते. तरी तेच. मग एका रात्री एक गोष्ट लक्षात आली. सुरुवातीला रेषा व्यवस्थित सरकत होती, ०.६ टक्क्यापाशी ती थांबली. स्क्रू पुढे फिरत होता, पट्टी वाकत होती, रेषा जागच्या जागी. स्क्रू उलटा फिरवून पट्टी सरळ केली, तर रेषा मूळ जागी थांबलीच नाही, तिच्या पलीकडे निळ्याच्या बाजूला गेली.

वर्कशॉपमधल्या काकांना मी पट्टी धरण्याचे जबडे सैल आहेत का ते बघायला बोलावलं होतं. त्यांनी जबडे तपासले, स्क्रू दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाले, “ताई, पट्टी वाकतेय ते खरं. पण वरचं कातडं तिच्याबरोबर येतंय हे कुणी सांगितलं?”

तेच होतं. पापुद्रा पट्टीला चिकटलेला नव्हताच, नुसता टेकलेला होता. ०.६ टक्क्यापर्यंत तो पट्टीबरोबर ताणला गेला, मग सरकला. पट्टी सरळ होताना मात्र तिने त्याला पुन्हा पकडून आत ढकललं, म्हणून शेवटी तो थोडा आक्रसलेला राहिला. रेषा निळ्याकडे गेली ती त्यामुळे. पट्टी जितकी मऊ, तितकं हे जास्त होतं. या पापुद्र्याचा कडकपणा २७० गिगापास्कल, आणि अनेकजण वापरतात त्या सिलिकॉन रबराचा जेमतेम एक ते तीन मेगापास्कल, म्हणजे लाखभर पटीने कमी. रबर ताणून असला पापुद्रा ताणायचा, म्हणजे लोण्यात रोवलेली सळई लोणी ओढून वाकवण्यासारखं आहे.

उपाय दोन. तुकड्याच्या कडांवर धातूचा पातळ थर चढवून त्याला खिळवून टाकणं. व्हँडरबिल्टच्या गटाने टायटॅनियमने तसंच केलं होतं. आणि दुसरा, जो मला जास्त मोलाचा वाटतो : ताण किती हे पट्टीला विचारायचंच नाही, पापुद्र्याला विचारायचं. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली दाखवलेल्या परिणामाचा इथे रोज उपयोग होतो. लेझरचा थोडासा प्रकाश अणूंच्या कंपनांना ऊर्जा देऊन जरा कमी ऊर्जेने परततो, आणि किती कमी झाली त्यावरून कंपनांचा स्वर कळतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडला असे दोन ठळक स्वर आहेत, ३८५ आणि ४०५ च्या आसपास (‘प्रति सेंटिमीटर’ या एककात). अणू पातळीतल्या पातळीत हलतात तो पहिला, वर-खाली हलतात तो दुसरा. एका दिशेने ताण दिला की पहिला स्वर दुभंगतो आणि त्याचा एक भाग दर टक्क्याला साडेचारच्या आसपास उतरतो. दुसरा जवळपास स्थिर राहतो. पहिला दुभंगला नाही, तर ताण पोहोचलेला नाही. मग स्क्रूवर काहीही आकडा असो.

चार महिन्यांची वही मी पहिल्या पानापासून पुन्हा काढली. स्क्रूचा आकडा खोडला, रामन स्वरावरून मिळालेला ताण आडव्या अक्षावर घेतला. ज्या तुकड्यांची रामन मोजणी केलेली होती, त्यांचे पसरलेले ठिपके एका रेषेत आले. ज्यांची नव्हती, ते सोडून द्यावे लागले. आजही या विषयावरचा कुठलाही लेख हाती आला, की मी आधी आडव्या अक्षाखाली काय लिहिलंय ते वाचते.

प्रश्न : एवढी खटपट करून व्यवहारात उपयोग काय?
— निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

थोडक्यात सांगते. नेहमीच्या पदार्थात फट हवी तेवढी करायची तर मिश्रण बदलावं लागतं, आणि एकदा बनवलं की ते कायमचं. ताण ही फिरवता येणारी खुंटी आहे, पुन्हा मूळ जागीही आणता येते. काळ्या फॉस्फरसचं जे उदाहरण वर दिलं, त्यात एकाच वस्तूने साधारण २.३ ते ५.५ मायक्रोमीटरचा अवरक्त पट्टा धुंडाळता येतो. मिथेन ३.३ ला आणि कार्बन डायऑक्साइड ४.३ ला प्रकाश शोषतात, म्हणजे वायू ओळखणाऱ्या उपकरणांसाठी हे थेट कामाचं आहे.

मला स्वतःला जास्त ओढ आहे ती टंगस्टन डायसेलेनाइडची. त्याचा पापुद्रा बारीक खांबांच्या रांगांवर पसरला, की प्रत्येक खांबाच्या टोकाशी तो ताणला जातो. तिथे फट अरुंद होते, आणि उतारावरचं पाणी खड्ड्याकडे धावावं तसे एक्सायटॉन तिकडे ओढले जातात. अशा जागांवरून एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, निघतो. चोरून ऐकता येणार नाही अशा संदेशवहनाला असेच प्रकाशस्रोत लागतात. असे एकेक फोटॉन या पदार्थात २०१५ मध्ये दिसले, आणि २०१७ मध्ये ते खांबांच्या टोकांवर हव्या त्या जागी मिळवता आले. अडचण एवढीच की हे उणे २७० अंशांच्या आसपासच्या थंडीत चालतं. बाजारात यायला वेळ आहे, आणि तुम्हाला उद्याची आशा लावणं मला पटणार नाही.

प्रश्न : माझ्या शाळेत लेझर नाही, वर्णपटमापक नाही. ताणामुळे प्रकाश बदलतो हे मुलांना दाखवता येईल असं काही आहे का?
— माध्यमिक शिक्षक, कणकवली

आहे सर, आणि त्याला कंपासपेटीतला पारदर्शक गुण्या पुरतो. सोबत एलसीडी पडद्याचा लॅपटॉप आणि पोलरॉइड गॉगल. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळा पडेल. तिथेच थांबा आणि पडदा व गॉगल यांच्यामध्ये गुण्या धरा. काळ्यावर इंद्रधनुषी पट्टे उमटतील.

साच्यात थंड होताना प्लॅस्टिकमध्ये ताण गोठून राहतो. त्यामुळे ताणाच्या दिशेने आणि तिला काटकोनात प्रकाशाचा वेग थोडासा वेगळा होतो, आणि त्या फरकाचे हे रंग. काचेत दाबाने असं घडतं हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ च्या सुमारास दाखवलं होतं. हे माझ्या पापुद्र्यापेक्षा वेगळं आहे एवढं मुलांना नक्की सांगा : इथे प्रकाश फक्त आरपार जातो, तिथे तो पदार्थातून जन्मतो. पण दिशेचा भाग दोन्हीकडे आहे. ग्राफीनचा एक थर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे २.३ टक्के शोषतो, आणि तो एका बाजूने ताणला की हे शोषण प्रकाशाच्या ध्रुवणाच्या, म्हणजे त्याच्या लहरी ज्या दिशेत हलतात त्या दिशेप्रमाणे किंचित कमी-जास्त होतं.

मग गुण्याची दोन टोकं धरून तो अलगद वाकवायला सांगा. पट्टे सरकताना दिसतील, सोडला की परत येतील. मधल्या भोकाच्या कडेला ते दाटतात. आणि वर्गात एखाद्याचा तडकलेला गुण्या असेल तर तो टाकू देऊ नका. वाकवताना चिरेच्या टोकाशी जे रंग गोळा होतात, ते मुलांना सगळ्यांत आधी दाखवा.